गांधीलमाशीवर किती ढकलाल?

दिंडोरीत माझं पार्लर आहे. लग्नसराई सरली की नव्या सुना येतात, ओढणी जराशी सरकवतात आणि दबक्या आवाजात विचारतात, "ताई, हे आजच्या आज जाईल का?" नाही जात, बाई. चोखल्याने कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त झिरपून साचतं. आधी लाल, मग जांभळं, हिरवट, शेवटी पिवळं होत आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर ते आपलं आपण निस्तरतं. पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळून बर्फ लावा, दोन दिवसांनी कोमट शेक द्या. संपले उपाय. पण मोबाईलमधले वैद्य गप्प बसतील तर ना! टूथपेस्ट फासा, कंगव्याने घासा, नाण्याने खरवडा. परवा एकीने नाण्याने मान अशी सोलून आणली की लव्ह बाइट राहिला बाजूला, वर खपली धरली होती.

झाकता मला येतं. लालावर हिरवट कन्सीलर, जांभळ्यावर पिवळसर, चोळायचा नाही, बोटाने थापटायचा, वरून तिच्या रंगाचं फाउंडेशन आणि पावडर. पण झाकून घ्यायला येते ती बाईच. नवऱ्याच्या मानेवर असाच डाग असला तर तो कॉलर उघडी टाकून टपरीवर जातो, मित्र पाठ थोपटतात. सुनेची मान दिसली की सासूला लाज आठवते. वर्षाच्या आत पाळणा हलू दे म्हणून सप्तशृंगीला नवस बोललेली हीच ती सासू. पाळणा काय टपालाने येणार आहे?

मग सबबी. आमच्याकडची लाडकी सबब म्हणजे द्राक्षबागेत गांधीलमाशी चावली. यात नवीन काही नाही. आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोका'त एक प्राकृत गाथा उदाहरणाला घेतली आहे. बाईच्या ओठावर दुसऱ्याच्या दातांची खूण, नवरा जवळच, आणि मैत्रीण त्याला ऐकू जाईल अशा बेताने तिलाच दटावते, की भुंगा बसलेलं कमळ हुंगू नको म्हणून सांगितलं होतं ना! पंडित हजार वर्षं तिच्या चतुराईवर खूश आहेत. वात्स्यायनाने तर दातांच्या खुणांचे प्रकार पाडून कामसूत्रात वेगळं प्रकरणच दिलं. संस्कृतीच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी तेवढं वाचावं आणि मग सुनेची मान तपासावी.

आणि तपासायचंच असेल तर नीट तपासा. हाच कन्सीलर मी दंडावरच्या बोटांच्या वळांवर लावते, डोळ्याखालच्या काळ्यानिळ्यावर लावते. तिथेही रक्तवाहिनीच फुटलेली असते, रंगही त्याच क्रमाने बदलतात. ती म्हणते, "मोरीत पाय घसरला," आणि अख्खी आळी मान डोलावते. मोरीत पडून दंडावर चार बोटं कशी उमटली, हे कोणी विचारत नाही. मारहाण हा घरचा मामला नाही, असं सांगणारा कायदा २००५ साली झाला. आमच्या आळीत तो अजून पोचायचा आहे. प्रेमाची खूण दिसली की मात्र घरभर चौकशी समिती बसते.

लव्ह बाइट झाकायचे मी रोख पैसे घेते. वळ झाकायचे घेत नाही. तिथे कन्सीलर वाळेपर्यंत तिच्या मोबाईलमध्ये १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर घालून देते. नाव टाकते 'मेंदीवाली', म्हणजे नवऱ्याने यादी चाळली तरी बिघडत नाही.