आधी सनद, मग खबर

‘जास्त प्रश्न विचारू नकोस, ईमान कमजोर होतं,’ असे आपल्या बऱ्याच घरांत मुलांना ऐकवले जाते. मूल फक्त एवढेच विचारते, “अम्मी, हे कुणी सांगितलं?” या प्रश्नाने ईमानाला कसलाही धोका नाही. उलट आपल्या दीनची शिकवण नीट पाहिली, तर हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वीच लावून दिली आहे.

हिजरी १० मधली घटना घ्या. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे लहानगे पुत्र इब्राहीम यांचा इंतेकाल झाला आणि त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागले. खगोलशास्त्राच्या गणिताने हे ग्रहण इ.स. ६३२ च्या २७ जानेवारीचे ठरते. मदिनेतले लोक म्हणू लागले की, पैगंबरांच्या मुलाच्या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. विचार करा, घरात दुःख आहे, लोक श्रद्धेने बोलत आहेत आणि त्या बोलण्याने आपलाच मोठेपणा वाढतो आहे. गप्प बसणे किती सोपे होते! पण पैगंबरांनी नमाज अदा केली आणि लोकांना स्पष्ट सांगितले की, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरणाने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही.

ही हदीस ठाऊक असलेल्या घरांतही आज ग्रहणाच्या वेळी गरोदर सुनेला भाजी चिरू देत नाहीत, सुई हातात घेऊ देत नाहीत. कारण विचारले तर उत्तर मिळते, ‘सगळे पाळतात.’ याला विज्ञानाचा आधार नाही आणि दीनचाही नाही.

कुरआनच्या सूरह हुजुरातमधील सहावी आयत तर थेट खबरीबद्दलच आहे. भरवसा नसलेल्या माणसाने बातमी आणली, तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत एखाद्या समूहाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल, असा तिचा आशय आहे. आपल्या मुहद्दिसांनी याच विचाराचे एक शास्त्र उभे केले. हदीस सांगणारा रावी कोण? त्याने कुणाकडून ऐकली? ते दोघे खरेच भेटले होते का? त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो खोटे बोलायचा का? इमाम बुखारींसारख्या विद्वानांनी सनद तपासल्याशिवाय पैगंबरांच्या नावाने आलेले वाक्यसुद्धा स्वीकारले नाही. आणि आपण? ‘फॉरवर्डेड’ एवढीच सनद असलेला मजकूर फजरच्या आधी वीस जणांना पाठवून मोकळे होतो!

त्यातही आपल्याला आवडणारी खबर आपण सर्वांत कमी तपासतो. नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर अजान ऐकली आणि इस्लाम स्वीकारला, ही गोष्ट किती जलशांत, किती दस्तरखानांवर सांगितली गेली असेल! आर्मस्ट्राँग यांनी तिचा इन्कार केला होता. १९८३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मुस्लिम देशांतल्या आपल्या दूतावासांनाही तसे कळवले होते. शिवाय चंद्रावर हवा नाही, म्हणून तिथे आवाज पोहोचतच नाही, हे शाळकरी मुलालाही पुस्तकात वाचायला मिळते. अजानची महती आर्मस्ट्राँगच्या साक्षीवर अवलंबून आहे का? मग खोट्याचा आधार कशासाठी?

अफवा माणसे मारतात, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात ‘मुले पळवणारी टोळी’ समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे गरीब लोक होते. मोबाईलवर फिरणाऱ्या अफवांनी त्यांचा जीव घेतला.

२०२० मध्ये कोरोना पसरवल्याचा ठपका तबलिगी जमातवर आणि पर्यायाने आपल्या सगळ्यांवर आला. भाजीवाल्याला नाव विचारून गल्लीतून हाकलणारे व्हिडिओ आपण पाहिले. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केल्याचे दिसते असे नोंदवले आणि प्रसारमाध्यमांतल्या अपप्रचारावरही ताशेरे ओढले. न तपासलेली खबर काय करते, ते आपल्याइतके कुणाला कळणार? म्हणूनच दुसऱ्या समाजाबद्दलची, दुसऱ्या पक्षाबद्दलची चटपटीत खबर आपल्या हातून पुढे जाताना आपल्याला जास्त संकोच वाटायला हवा.

आता थोडे नाजूक बोलते. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेला लसीकरण सुरू झाले, तेव्हा अनेक उर्दू शाळांतल्या पालकांनी नकार दिला. लसीने पुढे मुले होत नाहीत, असा संदेश फिरत होता. पालक म्हणत, “आम्ही सरकारवर आंधळा विश्वास ठेवत नाही.” ठीक आहे, ठेवू नका. पण मग त्या निनावी संदेशावर तरी का ठेवला? शंका घ्यायची तर दोन्हीकडे घ्या. पोलिओच्या डोसाबद्दलही हेच सांगितले जायचे. १९९५ पासून पल्स पोलिओत ज्यांना डोस पाजले, ती मुले आज स्वतः आई-बाप आहेत. तुमच्या मोहल्ल्यातच मोजून पाहा. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. गोवर मात्र २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत पसरला आणि लहान मुले दगावली. अफवा पाठवणारा तेव्हा कुठे होता?

कुणी म्हणेल, मग काय सगळ्यांवर संशय घ्यायचा? नाही. त्याच सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत बदगुमानीपासून दूर राहायला सांगितले आहे. खबर तपासणे वेगळे आणि माणसाच्या नियतीवर शक घेणे वेगळे. दादीने सांगितलेला नुस्खा तपासताना दादीला खोटे पाडायचे नसते. “दादी, डॉक्टरांनाही एकदा विचारून घेऊ या,” एवढे अदबीने म्हटले तरी पुरते.

आणि तपासाची सुरुवात स्वतःपासून व्हावी. बसऱ्यात जन्मलेले इब्न अल-हैसम (सुमारे ९६५ ते १०४०) यांनी टॉलेमीसारख्या मान्यवर पंडिताच्या ग्रंथांवर शंका काढणारा ग्रंथच लिहिला. त्यांचे म्हणणे होते की, सत्य शोधणाऱ्याने ग्रंथकाराला तर तपासावेच, पण स्वतःच्या समजुतीवरही संशय घ्यावा.

या महिन्यात घरात मुलांसह एवढे करून पाहा. कुठलीही खबर आली की चार प्रश्न विचारा. पहिला रावी कोण? त्याने स्वतः पाहिले की ऐकले? ही खबर खोटी ठरली तर नुकसान कुणाचे? आणि ती खरी असावी असे मला आधीपासूनच वाटत होते का? उत्तर मिळाले नाही, तर ती खबर तिथेच थांबवा. घरात नऊ महिन्यांचे किंवा दीड वर्षाचे बाळ असेल, तर त्याचे लसीकरणाचे कार्डही याच आठवड्यात काढून बघा. गोवर-रुबेलाचा डोस राहिला असेल, तर आशाताईंना विचारा. सरकारी केंद्रात तो मोफत मिळतो.