बर्फ, छोटी गाडी आणि काळजी करणारी मंडळी

नोव्हेंबर उजाडला की इकडच्या मराठी मंडळींच्या गप्पांत एक विषय ठरलेला. दिवाळीच्या फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे असतात, तेवढ्यात कोणीतरी नव्याने आलेल्या पोराला विचारतं, "गाडी कोणती घेतलीस?" त्याने सिव्हिक, कोरोला असं काही सांगितलं की सगळ्यांचे चेहरे एखाद्याच्या घरचं आजारपण कळल्यासारखे होतात. "अरे, इथे बर्फात फोर व्हील ड्राइव्हच लागते रे!" मग प्रत्येक जण आपापल्या उंच गाडीच्या पराक्रमाची गोष्ट सांगतो. पोरगं बिचारं घरी जाऊन कर्जाचा हप्ता किती बसेल ते बघत बसतं.

यंदा हे पोरगं म्हणजे आमचे भाचेबुवा आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच. भाचेबुवांना बफेलोत नोकरी लागली. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर आहे आणि हाताशी एक जुनी, छोटी, फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी आहे. तिकडे नाशकात ताई बातम्यांमध्ये बर्फात बुडालेल्या गाड्या बघते आणि मला फोन करते, "तू मावशी आहेस ना, सांग त्याला मोठी गाडी घ्यायला. पैशांचं बघू आपण." ताईची काळजी मला कळते. पण मी त्याला तसं सांगणार नाही. का, ते ताईसाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी लिहिते आहे.

मी रॉचेस्टरला राहते. ऑन्टारिओ सरोवराच्या काठचं गाव. थंडगार वारं सरोवरावरून येताना वाफ उचलून आणतं आणि किनाऱ्यावर बर्फ करून ओततं. एका हिवाळ्यात सरासरी अडीच मीटरच्या आसपास! असे अठरा हिवाळे मी छोट्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत काढले आहेत.

आता फ्रंट व्हील ड्राइव्ह म्हणजे काही परग्रहावरची गोष्ट नाही. ताई, आपल्या बाबांची मारुती ८०० आठवते ना? १९८३ मध्ये मारुती आली तोवर आपल्याकडच्या पद्मिनी आणि अँबेसेडर गाड्या मागच्या चाकांवर चालायच्या. मारुतीत इंजिन पुढे आणि ओढायची चाकंही पुढचीच. बर्फात नेमका याचाच फायदा होतो. इंजिन आणि गिअरबॉक्सचं सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवर बसतं, त्यामुळे ती चाकं जमीन धरून ठेवतात. छोट्या गाड्यांचं साधारण साठ टक्के वजन पुढे असतं. शिवाय ढकलण्यापेक्षा ओढणं सरळ जातं, हे हातगाडीवाल्याला विचारा.

कोणाला हे माझं कौतुकपुराण वाटत असेल, तर माँटे कार्लो रॅलीचा इतिहास बघा. आल्प्सच्या बर्फातल्या घाटांतून जाणारी ही शर्यत. १९६२ आणि १९६३ मध्ये ती साब ९६ ने जिंकली; १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये मिनी कूपर एस या टीचभर गाडीने. दोन्ही गाड्या फ्रंट व्हील ड्राइव्ह. अर्थात त्या गाड्यांना बर्फाचे टायर होते आणि सुकाणू निष्णात हातांत होतं. माझा मुद्दाही तोच आहे. टायर आणि हात.

चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी जागेवरून पटकन निघते, चढावर मागे घसरत नाही. हे खरंच आहे. पण ब्रेक? ते प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच. थांबायची वेळ आली की दोन चाकं ओढत होती की चार, याला काडीची किंमत नसते. तेव्हा फक्त रबर आणि रस्ता यांचंच चालतं. थोडं गणित करू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण १४-१५ मीटरमध्ये थांबते. दाबल्या गेलेल्या बर्फावर तिला पन्नासेक मीटर लागतात आणि काचेसारख्या गोठलेल्या पाण्यावर शंभराच्या घरात. वेग दुप्पट केला की हे अंतर चौपट. उंच गाडीला यातून सवलत नाही.

म्हणून पैसे घालायचेच असतील तर टायरमध्ये घाला. साधारण सात अंश सेल्सियसच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर ताठ होत जातं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फ पकडतात. टायरच्या अंगावर डोंगर आणि त्यात हिमफूल असं चिन्ह आहे ना ते बघायचं, नुसत्या 'एम प्लस एस' वर जायचं नाही. आणि चारही टायर बदलायचे! पैसे वाचवायला फक्त पुढचे दोन बदलले की पुढची चाकं रस्ता पकडतात आणि वळणावर मागचा भाग आपली वेगळी वाट धरतो. चार टायरांचा खर्च मोठ्या गाडीच्या वाढीव किमतीपुढे किरकोळ आहे, आणि हिवाळाभर उन्हाळी टायर विश्रांती घेतात म्हणून तेही जास्त वर्षं टिकतात.

हे माझ्या एकटीचं मत नाही हो. आमच्या उत्तरेला कॅनडाचा क्वेबेक प्रांत आहे, बर्फाच्या बाबतीत आमचा थोरला भाऊ. तिथे २००८ पासून हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत, हल्ली १ डिसेंबर ते १५ मार्च. सक्ती टायरची केली, फोर व्हील ड्राइव्हची केली नाही. यात काय ते आलं.

आता माझं खरं मत सांगते. छोट्या गाडीचा मला सगळ्यात आवडणारा गुण म्हणजे ती चुगली करते. गल्लीच्या तोंडाशी जरा जोरात ॲक्सिलरेटर दाबला की पुढची चाकं लगेच फिरतात, स्टिअरिंग हलकं लागतं. "बाई, आज रस्ता बरा नाही" हे ती ताशी पंधराच्या वेगाला सांगून टाकते. मोठी चार चाकांची गाडी ही गोष्ट पोटात ठेवते. मुकाट निघते, मुकाट वेग घेते, आणि रस्ता किती निसरडा आहे ते थेट पहिल्या ब्रेकला कळतं. तेव्हा वेग शंभराचा असतो. वादळानंतर हायवेच्या खड्ड्यात पडलेल्या गाड्या बघा कधी. त्यांत उंच, दणकट गाड्या मला नेहमीच दिसतात.

म्हणजे छोट्या गाडीला मर्यादा नाहीत असं नाही. तिचं पोट जमिनीपासून पाच-साडेपाच इंचांवर असतं. त्याहून खोल बर्फात ती नांगर होते, मग बोट होते, मग जागेवर बसते. चढावर वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं हलकी पडतात, त्यामुळे उभ्या चढावर थांबून पुन्हा निघणं जड जातं. खेड्यात, डोंगरात, जिथे बर्फ काढणारी गाडी दुपारपर्यंत येत नाही तिथे राहणाऱ्याने उंच गाडी जरूर घ्यावी. भाचेबुवा शहरात राहतात, कामाला मोठ्या रस्त्याने जातात. त्यांना तिची गरज नाही.

राहिला हात. ताई, तो आपल्या लोकांना शिकवावा लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते. मृगाचा पहिला शिडकावा झाला की धूळ आणि सांडलेलं तेल मिळून रस्ता कसा साबणासारखा होतो आणि चौकाचौकात दुचाक्या कशा घसरतात! त्या दिवशी आपण आपोआप हळू जातो. बर्फात रोजच मृगाचा पहिला दिवस. आणि घाट उतरताना बाबा काय सांगायचे? "ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, ब्रेकवर उतरू नकोस." इथेही तेच. गिअर खालचा ठेवायचा, पाय अलगद, पुढच्या गाडीपासून आठ-दहा सेकंदांचं अंतर. वळण घेताना गाडी वळायचं सोडून सरळच जायला लागली तर स्टिअरिंग आणखी पिळायचं नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच उचलायचा. वेग उतरला की चाकं पुन्हा रस्ता धरतात.

डिकीत फावडं, ब्रश, घोंगडी आणि मांजराच्या शौचासाठी मिळते त्या वाळूची पिशवी ठेवायची. चाक नुसतं फिरायला लागलं की ती पुढ्यात टाकायची. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. आणि अडकलोच तर इंजिन चालू करण्याआधी मागच्या धुराच्या नळीवरचा बर्फ काढायचा. ती बुजली की विषारी वायू गाडीत शिरतो आणि त्याला वासही नसतो. एवढं एक वाक्य भाचेबुवांनी पाठ करावं.

पण ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ती गोष्ट याहून वेगळी आहे. २०२२ च्या नाताळात बफेलोत जे वादळ आलं त्यात चाळीसहून अधिक माणसं गेली. काही जण आपल्या गाडीतच गेले. त्या वादळात रुग्णवाहिका अडकल्या, अग्निशमन दलाचे बंब अडकले, बर्फ काढणाऱ्या गाड्यासुद्धा अडकल्या. तिथे कोणती उंच गाडी आणि कोणती चार चाकं! अशा दिवशी वाचवणारी एकच गोष्ट असते, घरी राहणं.

आणि नेमकी तीच आपल्या पोरांना अवघड जाते. नवी नोकरी, व्हिसा नोकरीवर टांगलेला, साहेब काय म्हणेल ही धास्ती. इथे जन्मलेला शेजारी सकाळी खिडकीतून बघतो आणि "आज जमत नाही" असा दोन ओळींचा निरोप पाठवून पुन्हा झोपतो. आपलं पोरगं मात्र सहा वाजता उठून काच खरवडत असतं. त्याला मोठी गाडी घेऊन दिली तर "आता काय, आता तर गाडी आहे" म्हणून ते आणखी वाईट दिवशी बाहेर पडेल. माझी भीती ही आहे. छोटी गाडी त्याला न जाण्याचं एक सबळ कारण देते आणि ते कारण साहेबालाही पटतं.

म्हणून ताई, चार हिवाळी टायर मावशीकडून. मोठ्या गाडीचे पैसे त्याच्या कर्जात घाला. आणि फोनवर "गाडी कुठली घेतोस" हे विचारणं सोड. वादळाचा इशारा आला असेल त्या दिवशी एवढंच सांग, की आज नाही गेलास तरी चालेल. मावशीने सांगून तो हसेल. आईने सांगितलं तर ऐकेल.

असो. फार लांबलं. मिनेसोटा, मिशिगन, टोरांटोकडची मंडळी, तुम्ही काय चालवता आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कधी चालवत नाही, ते जरूर सांगा.