काळ्या भुकटीचा हिशेब

स्टायरीन आणि ब्युटाडाइन या दोन पेट्रोरसायनांपासून केलेल्या कृत्रिम रबराला कारखान्यांत ‘एसबीआर’ म्हणतात. हे रबर नुसते गंधक घालून शिजवले आणि त्याची पट्टी यंत्रात ताणली, तर दर चौरस सेंटिमीटरला २०-३० किलोच्या ओढीतच ती तुटते. त्याच रबराच्या १०० भागांत ५० भाग कार्बन ब्लॅक नीट मिसळले, की तीच पट्टी तोडायला २०० ते २५० किलोंची ओढ लागते. रबर तेच, गंधक तेच. फरक एका काळ्या भुकटीचा.

मोटारीच्या टायरच्या वजनातला साधारण चौथा हिस्सा अशा बळ देणाऱ्या भुकटीचा, म्हणजे फिलरचा असतो. तरीही दुकानात टायर घेताना बोलणे होते ते किमतीचे, कंपनीचे आणि ‘किती किलोमीटर चालेल’ याचे. टायर रस्त्यावर किती तापेल, पावसात किती धरेल, इंधन किती खाईल, हे सारे कारखान्यात ती भुकटी निवडताना बरेचसे ठरलेले असते. ही निवड गिऱ्हाइकाच्या नजरेआड राहते, आणि ती तशी राहू देणे चुकीचे आहे.

ही भुकटी तयार होते ती डांबराच्या जातीचे जड तेल अपुऱ्या हवेत, हजार अंशांच्या कितीतरी वर तापलेल्या भट्टीत जाळून आणि मग पाण्याच्या फवाऱ्याने ती क्रिया क्षणात थांबवून. तिचे कण नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतात आणि ते सुटे नसतात. द्राक्षांच्या घडासारखे एकमेकांना कायमचे जोडलेले असतात. कण जितका बारीक, तितके एका ग्रॅममधले पृष्ठफळ मोठे. ‘एन-३३०’ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या ग्रेडच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ ८० चौरस मीटरच्या आसपास भरते. एवढ्या पृष्ठभागाला रबराचे लांबलचक रेणू चिकटतात, काही घडांच्या फटींत अडकतात. ताण आला की तो एका रेणूवर न पडता अनेकांत वाटला जातो आणि पुढे सरकणारी चीर कणापाशी अडते.

नैसर्गिक रबराला या मदतीची गरज तुलनेने कमी. ते ताणले की त्याचे रेणू ओळीत येऊन स्फटिक बनवतात आणि रबर तिथल्या तिथे स्वतःला बळकट करते. एसबीआरच्या रेणूंची घडण अनियमित, त्यामुळे ती सोय त्याला नाही. कार्बन ब्लॅकसारख्या बळ देणाऱ्या फिलरशिवाय एसबीआरचा टायर रस्त्यावर टिकूच शकत नाही.

सुरुवातीचे टायर काळे नव्हते. त्यांत जस्ताची पांढरी भुकटी असे. मिशलिन कंपनीचा १८९८ पासूनचा टायरांचा माणूस पांढरा दिसतो तो त्यामुळे. १९०४ मध्ये लंडनजवळच्या सिल्व्हरटाउन इथल्या रबर कारखान्यात एस. सी. मोट या रसायनतज्ज्ञाने काजळीने रबर बळकट होते हे दाखवले आणि पुढच्या दशकात अमेरिकेतल्या अक्रनच्या कारखान्यांनी ते टायरमध्ये आणले. खरी कसोटी लागली ती १९४२ मध्ये. जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतले आणि अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा जवळजवळ सगळा पुरवठा तुटला. सरकारी पैशातून कृत्रिम रबराचे कारखाने उभे राहिले आणि १९४५ पर्यंत उत्पादन वर्षाला सात लाख टनांच्या पुढे गेले. पण तोवरचे कार्बन ब्लॅक नैसर्गिक वायूच्या ज्योती लोखंडी पट्ट्यांवर धरून, तिथे जमलेली काजळी खरवडून काढलेले असे. ते आम्लधर्मी, त्यामुळे गंधकाची क्रिया मंदावे. शिवाय वायूतल्या कार्बनचा अगदी थोडा भाग हाती येई. तेल भट्टीत जाळून भुकटी बनवण्याची नवी रीत त्याच काळात आली. तिच्यातले ब्लॅक एसबीआरशी चांगले जुळले आणि पुढे कमी तापमानात बनवलेले एसबीआर व भट्टीतले ब्लॅक यांच्या जोडीने झिजेच्या बाबतीत मोटारींच्या टायरमध्ये नैसर्गिक रबरालाही मागे टाकले. कृत्रिम रबराच्या विजयाची गोष्ट सांगताना या भुकटीचे नाव सहसा घेतले जात नाही. ते घ्यायला हवे.

भारतात हा उद्योग जुना आहे. फिलिप्स कार्बन ब्लॅक ही कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि तिने दुर्गापूरला कारखाना काढला. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगेला बिर्ला कार्बनचा कारखाना आहे. एसबीआर मात्र कित्येक वर्षे मोठ्या प्रमाणात आयात होत होते. २०१३ मध्ये पानिपतला आणि त्यानंतर हजिऱ्याला मोठे प्रकल्प सुरू झाले, तेव्हा हे चित्र पालटू लागले.

आता या ताकदीची किंमत. रबरात विखुरलेले कणांचे घड एकमेकांच्या जवळ येऊन आपले एक जाळे विणतात. टायर फिरताना रस्त्याला टेकलेला भाग दबतो, हे जाळे तुटते. तो भाग वर गेला की पुन्हा जुळते. प्रत्येक तुटण्या-जुळण्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. ब्रिटिश संशोधक पेन यांनी १९६० च्या दशकात याचा कसून अभ्यास केला, आणि आजही हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारीचे चाक मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेते, म्हणजे रबराचा प्रत्येक भाग मिनिटाला हजारदा दबतो आणि सुटतो. कण जितके बारीक आणि भुकटी जितकी जास्त, तितकी झीज कमी. पण उष्णता तितकीच जास्त. ५० भागांच्या पुढे भुकटी वाढवत नेली तर कडकपणा वाढत जातो, ओढ सोसण्याची ताकद मात्र घसरू लागते.

म्हणूनच एकाच टायरमध्ये निरनिराळे ब्लॅक वापरतात. रस्त्याला लागणाऱ्या पट्ट्यात एन-२२० किंवा एन-३३० च्या घरातले बारीक. आतल्या थरांत एन-५५० किंवा एन-६६० सारखे जाडे, कारण तिथे झीज नाही, पण उष्णता साठून राहते. आणि ग्रेड अचूक निवडूनही मिसळण्यात हयगय झाली तर सगळे वाया. रबर आणि भुकटी मळणाऱ्या बॅनबरी मिक्सरमध्ये भुकटीची गुठळी फुटली नाही, तर ती गुठळी म्हणजे टायरच्या पोटातली पहिली चीर असते. ती बाहेरून दिसत नाही.

समृद्धी महामार्गाच्या संदर्भात हे फार महत्त्वाचे आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता. टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाने गुळगुळीत टायरच्या गाड्या अडवायला सुरुवात केली. ते योग्यच झाले. पण नक्षीची खोली मोजणे हा तपासणीचा सोपा भाग आहे. विदर्भातल्या उन्हाळ्यात, तापलेल्या काँक्रीटवर, तासन्‌तास न थांबता धावताना टायर किती तापतो हे नक्षीवरून कळत नाही. हवा कमी असेल तर प्रत्येक फेऱ्यात रबर जास्त दबते आणि उष्णता आणखी वाढते. भरपूर नक्षी असलेला नवा टायरही रबराच्या चुकीच्या मिश्रणामुळे आणि कमी हवेमुळे धोकादायक ठरू शकतो, हे चालकांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

उष्णतेवर उपाय आहे. १९९२ मध्ये मिशलिनने पट्ट्यातल्या ब्लॅकच्या बऱ्याचशा भागाऐवजी सिलिका घातलेला टायर बाजारात आणला. सिलिका रबराशी सहज जुळत नाही. सिलेन नावाच्या रसायनाने दोघांची गाठ बांधावी लागते आणि मिक्सरचे तापमान फार काटेकोर सांभाळावे लागते. ते साधले तर टायर कमी तापतो, कमी इंधन खातो आणि ओल्या रस्त्यावर चांगला धरतो. सिलिकातून वीज वाहत नाही, म्हणून चाकावरचा स्थिर विद्युतभार जमिनीत जावा यासाठी अशा टायरच्या पट्ट्यात कार्बन ब्लॅकची एक बारीक रेघ ठेवतात. तेवढ्यापुरती तरी काळ्या भुकटीला रजा नाही. ट्रकच्या टायरमध्ये अजूनही नैसर्गिक रबर आणि ब्लॅक यांचेच राज्य आहे.

टायरच्या लोळण्याला होणारा अवरोध दहा टक्क्यांनी घटला तर मोटारीचे इंधन साधारण एक ते दोन टक्के वाचते. एका गाडीला हे किरकोळ वाटेल. देशभरातल्या गाड्यांच्या हिशेबात ते प्रचंड आहे. युरोपात नोव्हेंबर २०१२ पासून प्रत्येक नव्या टायरला इंधन, ओली पकड आणि आवाज यांची श्रेणी दाखवणारे लेबल सक्तीचे झाले. भारताने २०२२ मध्ये याच तीन गोष्टींची किमान पातळी नियमात आणली, पण ती उत्पादकाने पार करायची परीक्षा आहे. तिचे गुण गिऱ्हाइकाला दिसत नाहीत. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची तारांकनाची योजना आहे, मात्र ती ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली. फ्रिज आणि एसी घेताना लोक तारे बघतात, ते तारे सक्तीचे झाल्यामुळेच. टायरवर तर जीव अवलंबून असतो. इंधनाची आणि ओल्या पकडीची श्रेणी प्रत्येक टायरवर छापणे बंधनकारक व्हावे, आणि पावसाळा चार महिने चालणाऱ्या कोकण-घाटाच्या या राज्याने त्याचा आग्रह सर्वांत आधी धरावा.

रिमोल्ड टायरचा प्रश्न याहून अवघड आहे. घासलेल्या टायरवर नवा पट्टा चढवणे ही उत्तम गोष्ट आहे. एसटी महामंडळाचे टायर पुनःस्तरणाचे स्वतःचे प्रकल्प आहेत आणि त्यातून तेल, रबर, पैसा सगळेच वाचते. पण पट्ट्याच्या रबरात बारीक ब्लॅकऐवजी खडूची पूड भरली तर वजन भरते, ताकद येत नाही, आणि रंगावरून फरक कळत नाही, कारण थोड्याशा ब्लॅकनेही सगळे काळेच होते. सर्वांत कमी दराच्या निविदेला रबर घेण्याची पद्धत इथे घातक आहे. झीज आणि उष्णता यांच्या चाचणीचे आकडे दराच्या शेजारी मांडल्याशिवाय खरेदी होऊ नये.

शेवटी या भुकटीचे पुढे काय होते? एक टन कार्बन ब्लॅक बनवताना दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणून जुन्या टायरमधले ब्लॅक परत मिळवणे शहाणपणाचे आहे. पण टायर बंद भट्टीत तापवून तेल काढले की खाली उरतो तो कच्चा कोळसा. त्यात जस्त, सिलिका आणि इतर राख मिसळलेली असते. तो दळून आणि शुद्ध करून पुन्हा रबरात घालण्याजोगे ब्लॅक होऊ शकते, न केल्यास ते फक्त काळे पीठ. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कार्बन ब्लॅकला कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांच्या ‘२ब’ गटात ठेवले आहे. टायरच्या रबरात ते जखडलेले असते. धोका आहे तो मोकळी भुकटी हाताळणाऱ्या कामगाराला. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात जुने टायर तापवणाऱ्या अशा भट्ट्यांच्या धुराविरुद्ध गावकऱ्यांनी वारंवार तक्रारी केल्या आहेत. टाकाऊ टायरविषयीच्या २०२२ च्या नियमांनी टायर उत्पादकांवर जुन्या टायरची जबाबदारी टाकली, आणि पुनर्प्राप्त ब्लॅक व भट्टीचे तेल दोन्ही त्या हिशेबात धरले. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाने धुराड्याबरोबरच पोत्यातल्या भुकटीचाही नमुना घ्यावा, तिची राख आणि पृष्ठफळ मोजावे, आणि भट्टीवर मास्कविना उभ्या असलेल्या माणसाची नोंद त्याच पंचनाम्यात करावी.