संदेशाच्या तारेतून वीज

काशीच्या बालाजी घाटाच्या पायऱ्या मोठ्या पुरात गंगेखाली जातात. अशा ओल्या दगडावर कॅमेरा बसवावयाचा असेल, तर त्यासाठी 230 व्होल्टची तार खाली उतरविणे अविचाराचे होय. जुन्या दूरध्वनीला केंद्रातील 48 व्होल्टची बॅटरी बोलण्याच्या तारांतूनच वीज पुरवी. 2003 साली प्रमाणित झालेल्या पद्धतीने संगणकजालाची केबलही तेच काम करते. पुरवठा करणारे यंत्र आधी अल्प दाबाने पलीकडचे उपकरण पारखते. ओळख पटल्यावरच सुमारे 48 व्होल्टचा दाब सोडते. केबल 100 मीटरपर्यंत नेता येत असल्याने ते यंत्र पुराच्या रेषेहून उंच ठेवता येते. पाण्यात हाही दाब सर्वस्वी निर्धोक नव्हे, जोड जलरोधक हवेतच. तथापि जेथे माणसे भिजल्या पायांनी वावरतात, तेथे थोडक्या विजेत भागविणेच शहाणपणाचे, असे आमचे मत आहे.