शेतकऱ्याच्या नावावर खपवलेली शस्त्रं

कराटेच्या वर्गात कोबुदो, म्हणजे ओकिनावाची शस्त्रविद्या, शिकवायला घेतली की आधी एक गोष्ट सांगितली जाते. ओकिनावाच्या राजाने प्रजेची शस्त्रं काढून घेतली. पुढे जपानच्या सात्सुमा सरदारांनी बेट जिंकलं आणि बंदी आणखी आवळली. मग बिचाऱ्या शेतकऱ्यांनी हाताला येईल ते उचललं. धान झोडपायच्या जोडकाठीचा नुंचाकू झाला, जात्याच्या खुंट्याचा तोन्फा, बी टोकायच्या हत्याराची साई आणि कावडीच्या दांड्याचा बो. रात्री लपूनछपून सराव करून या लोकांनी घोड्यावरच्या सामुराईंना खाली लोळवलं. पुण्या-मुंबईतल्या वर्गांत हीच गोष्ट सांगतात, परदेशी पुस्तकांतही हीच असते.

गोष्ट गोड आहे. दुबळ्याने बलवानाला हरवलेलं कुणाला आवडत नाही? पण ती बव्हंशी भाकडकथा आहे, आणि ही विद्या ज्यांनी खरोखर जपली त्यांचं श्रेय तिच्यामुळे भलत्याच्या खात्यावर जमा होतं.

पूर्वपक्षाचा सगळा भार १५०९ सालच्या एका लेखावर आहे. र्युक्यूचा, म्हणजे ओकिनावाच्या तेव्हाच्या राज्याचा, राजा शो शिन (कारकीर्द १४७७ ते १५२६) याने राजधानी शुरीच्या राजवाड्याच्या कठड्यावर आपल्या कामगिऱ्या कोरून घेतल्या. त्यातल्या एका कलमात तलवारी आणि धनुष्यबाण यांचा उल्लेख आहे. ओकिनावाच्या अभ्यासाचे जनक मानले जाणारे इहा फुयू (१८७६–१९४७) यांनी त्याचा अर्थ शस्त्रत्याग असा लावला, आणि तोच जगभर गेला. मूळ कलमाचा रोख मात्र उलटा आहे. देशाच्या रक्षणासाठी तलवारी, धनुष्यं आणि बाण साठवून ठेवले आहेत, या बाबतीत आपला देश इतरांहून सरस आहे, अशी ती बढाई आहे. ताकारा कुरायोशी, ग्रेगरी स्मिट्स यांच्यासारख्या पुढच्या अभ्यासकांनी हे वाचन नीट मांडलं. त्यांच्या आधाराविनाही इतकं तर दिसतंच, की याच शो शिनने १५०० साली याएयामा बेटांवरचं बंड मोडायला सुमारे तीन हजारांचं सैन्य जहाजांतून धाडलं होतं. त्याच्यामागून आलेल्या राजाच्या काळात, १५५४ मध्ये, नाहा बंदराच्या तोंडावर याराझामोरीचा किल्ला उभा राहिला. शस्त्र टाकून दिलेलं राज्य असं वागत नाही.

राहिला १६०९ सालचा सात्सुमाचा विजय. सात्सुमाने बंदुकांवर बंदी घातली, शस्त्रांच्या आयातीवर लगाम लावला, हे खरं आहे. पण घरंदाज लोकांच्या वडिलोपार्जित तलवारी घरातच राहिल्या. दुरुस्तीसाठी त्या रीतसर परवानगीने सात्सुमात पाठवता येत. आणि ते घोड्यावरचे सामुराई? सात्सुमाने बेटावर मोठी फौज ठेवलीच नव्हती. नाह्यात एक कचेरी आणि मोजके अधिकारी, एवढाच पसारा. चीनच्या दूतांना या वर्चस्वाचा वास लागू नये म्हणून ते अधिकारीही दूत आले की दृष्टिआड होत. शेतकऱ्यांनी लोळवायचं कुणाला? अशा एका तरी लढाईचं गाव आणि साल सांगा, असं मी या कथेच्या वकिलांना विचारत असतो. अजून कुणी सांगितलेलं नाही.

निःशस्त्र बेटाची ख्याती पसरवण्यात एका ब्रिटिश कप्तानाचाही हात आहे. बेसिल हॉल १८१६ मध्ये तिथे गेला, त्याला शस्त्रं दिसली नाहीत. परतीच्या वाटेवर सेंट हेलेनाला त्याने ते कैदेतल्या नेपोलियनला सांगितलं. नेपोलियनचा विश्वास बसेना. या एका बाबतीत मी नेपोलियनच्या बाजूचा आहे.

आता शस्त्रांकडे वळू, आणि आधी साई. ओकिनावात लोखंडाच्या खाणी नाहीत; लोखंड बाहेरून यायचं आणि महाग असायचं. असा धातू बी टोकायला मातीत खुपसणारा शेतकरी मला डोळ्यांसमोर आणता येत नाही. जे काम टोकदार काठी फुकटात करते त्याला तीन शूलांचं लोखंड कशाला? शिवाय याच घडणीचं हत्यार इंडोनेशियात चबांग म्हणून, मलाय मुलखात तेकपी म्हणून आणि दक्षिण चीनमध्येही आहे. र्युक्यूची व्यापारी जहाजं सियाम, मलाक्का, पालेंबांग, जावापर्यंत जात. ‘रेकिदाई होआन’ या राजदप्तरात तो पत्रव्यवहार आहे, आणि भेटीदाखल पाठवलेल्या वस्तूंत तलवारीही आहेत. साई नेमकी कोणत्या जहाजातून उतरली हे शोधण्यात अर्थ नाही. ती एका मोठ्या सागरी शेजाराची मालमत्ता आहे, एवढं पुरे. ओकिनावात ती वापरत ते राज्याचे पोलीस. गर्दी आवरायची, आरोपीला पकडायचं, तलवार उपसणाऱ्याचा हात अडकवायचा, ही तिची कामं. जपानी पोलिसांची जित्ते याच कामाची.

म्हणूनच मूळ चुकलं की हातही चुकतो. साई खुपसायची वस्तू आहे असं मनात बसलेला विद्यार्थी टोक पुढे करून धावतो. परंपरेतली साई बोथट असते. दांडा मनगटापासून कोपरापर्यंत अंगाला लावून वार अडवायचा, मनगट फिरवून तोच दांडा छडीसारखा मारायचा, आखूड शूलांत समोरच्याचं शस्त्र अडकवायचं, मुठीच्या गोळ्याने ठोसा द्यायचा. माणूस जिवंत पकडून न्यायचा असेल तर हेच हवं.

बोचंही तसंच. कोबुदोचा बो सहा शाकूंचा, सुमारे १८२ सेंटिमीटर, मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळता. कावडीचा दांडा चपटा आणि लवचिक लागतो, नाहीतर खांदा सोलवटतो. आणि काठी चालवण्याचं शास्त्र त्या सागरी शेजारात आधीपासून लिहून ठेवलेलं होतं: चिनी सेनापती छी जिग्वांगने १५६० च्या सुमाराच्या आपल्या युद्धग्रंथात यू दायोउ या सेनापतीचं काठीशास्त्र घेतलं आहे. बोच्या कातांची, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकांची, नावं पाहा. साकुगावा, सोएइशी, सुएयोशी ही घराणी दरबारी, शुशी हे नाव चिनी. एखाद्या कुळवाड्याचं नाव त्यांत शोधून दाखवा.

तोन्फा आणि नुंचाकूवर फार शाई खर्चायला नको. साखळीने जोडलेल्या दोन दांड्यांचं शस्त्र ११व्या शतकातल्या ‘वूजिंग झोंग्याओ’ या चिनी लष्करी ग्रंथात आहे. अवजाराचं शस्त्र झालंही असेल, पण ते सैन्याच्या हातात. ओकिनावात नुंचाकूची जुनी कातं नगण्य आहेत. आज त्याचा जो बोलबाला आहे तो ब्रूस लीच्या १९७२ च्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’पासूनचा.

मग विद्या जपली कुणी? पेचिन म्हणजे दरबारी अधिकारी वर्गाने: पहारेकरी, पोलीस, चीनला जाऊन आलेले कारकून. त्यांच्याकडे वेळ होता, गुरू होते, आणि शस्त्र हा त्यांच्या नोकरीचा भाग होता. दिवसभर उसात राबलेल्या माणसाने रात्री वर्षानुवर्षं कातं घोटली असं म्हणताना आपण शेतीही विसरतो. यातलेच बरेच घरंदाज लोक पोट भरेना म्हणून शुरी सोडून खेड्यांत जाऊन शेती करू लागले होते, आणि १८७९ मध्ये जपानने राज्य खालसा करून प्रांत केला तेव्हा उरलेल्यांचंही उत्पन्न आटलं. शेतात शस्त्र फिरवणारा जो ‘शेतकरी’ पाहुण्यांना दिसला तो बहुधा हा होता. पुढे याबिकू मोदेन आणि त्यांचे शिष्य ताइरा शिन्केन (१८९७–१९७०) यांनी विखुरलेली कातं गोळा केली; मातायोशी शिन्को (१८८८–१९४७) चीनपर्यंत जाऊन शिकून आले. आजचं कोबुदो मुख्यतः यांच्या पायावर उभं आहे.

आपल्याकडे निःशस्त्रीकरण खरोखर झालं, १८७८ च्या शस्त्रकायद्याने. तरी कोल्हापूरच्या तालमींत दांडपट्टा, विटा आणि फरी-गदका टिकले, आणि तो पट्टा नांगराच्या फाळापासून आला असं तिथला वस्ताद सांगत नाही. लढणाऱ्यांची विद्या तालमीत आली, एवढं त्याला पुरतं.

ओकिनावाच्या लोकांना मात्र ती कथा का प्रिय झाली ते समजतं. दुसऱ्या महायुद्धातल्या १९४५ च्या लढाईत बेटावरच्या सुमारे एक चतुर्थांश लोकांचा बळी गेला. आपण मुळातले शांत, शस्त्र न धरणारे होतो, ही भावना त्यांना आधार देत असेल तर मी तिच्याशी भांडणार नाही. माझं भांडण वर्गात ती इतिहास म्हणून शिकवणाऱ्यांशी आहे.

आणि दोन ठिकाणी त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. कामा हा विळाच आहे, त्याबद्दल वाद नाही. एकू म्हणजे वल्हं, तेही नावाड्याचंच. त्सुकेन बेटाशी जोडलेल्या एकूच्या कातात एक हालचाल अशी आहे की वल्ह्याचं पातं वाळूत खुपसून ती वाळू समोरच्याच्या डोळ्यांत उडवायची. शुरीच्या फरसबंद चौकात हे कुणाला सुचलं नसतं.