मुलगा बेसूर की वाद्याची पट्टी निराळी?

बंगळूरुच्या कब्बन पार्कमधला बँडस्टँड पाहिला की इंग्रजी अमदानीतल्या लष्करी बँडांची आठवण होते. अशाच बँडांबरोबर क्लॅरिनेट आपल्याकडे आले आणि इथल्या संगीतातही रुळले. रायचूर जिल्ह्यातले पंडित नरसिंहलु वडवाटी यांनी तर त्यावर हिंदुस्थानी राग वाजवले.

आज अनेक मुले शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट शिकतात. मराठी घरात बाजाची पेटीही असते. मग एखाद्या संध्याकाळी बहीण पेटीवर पांढरी एकचा सा धरते, भाऊ पुस्तकातला 'सी' वाजवतो आणि दोन्ही सूर भांडू लागतात. "तुला सुराचा कानच नाही!" असे म्हणून मोठी माणसे मोकळी होतात. मुलगा हिरमुसतो, वाद्य खोक्यात घालतो आणि पुन्हा काढत नाही.

प्रत्यक्षात चूक त्याची नसते. शाळेतले क्लॅरिनेट बहुधा 'बी-फ्लॅट'चे असते. त्यावर 'सी'ची बोटे ठेवली की एक पूर्ण स्वर खाली, म्हणजे काळी पाच वाजते. त्याच बोटांनी 'ए' क्लॅरिनेटवर पांढरी सहा, तर छोट्या 'ई-फ्लॅट'वर काळी दोन लागते. उपाय सोपा आहे. पेटीचा सा काळी पाचवर घ्यावा, नाहीतर मुलाने 'डी'ला सा मानून वाजवावे.

नळी जितकी लांब तितका सूर खाली. बी-फ्लॅट सुमारे ६६ सेंटिमीटर लांब असते, ए त्याहून सुमारे ४ सेंटिमीटर अधिक. ए चा आवाज किंचित गडद. मोझार्टने १७९१ साली आपला क्लॅरिनेट कन्चेर्तो याच पट्टीसाठी लिहिला. आखूड ई-फ्लॅटचा आवाज तीक्ष्ण, त्यामुळे मोकळ्या मैदानावरही तो बँडमधून वेगळा ऐकू येतो.

मग जोड ओढून, नळी लांबवून बी-फ्लॅटचे ए करता येईल का? नाही. तोंडाजवळचा जोड ओढला की वरच्या छिद्रांचे सूर जास्त उतरतात, खालच्यांचे कमी. अर्धा स्वर उतरवायचा तर सगळी छिद्रेच नव्या अंतरावर हवीत. जोड ओढायचा तो बारीक जुळणीपुरता, मिलिमीटर-दोन मिलिमीटर. तोही वाद्य काही मिनिटे फुंकून गरम केल्यावर, कारण थंड वाद्य उतरलेले वाजते.

जुने वाद्य घेताना आणखी एक काळजी घ्यावी. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश लष्करी बँड आजच्या ४४० ऐवजी सेकंदाला सुमारे ४५२ कंपनांच्या 'ए'वर मिळवत. तशा काही वाद्यांवर 'एच. पी.' म्हणजे 'हाय पिच' असा शिक्का असतो. ते स्वस्तात मिळाले तरी आजच्या बँडमध्ये नीट जुळणार नाही.

तेव्हा मुलाला बेसूर ठरवण्याआधी वाद्याची पट्टी विचारा. आणि आज संध्याकाळी पेटीवर काळी पाच धरून त्याला पुन्हा वाजवायला बसवा.