गद्यकाव्य ही पळवाट नव्हे

वृत्त पेलत नाही म्हणून कवी गद्यात उतरतो, हा गद्यकाव्यावरचा जुना आरोप. फ्रेंच कवी बोदलेअरला तो लावून पाहावा. १८५७ साली 'ले फ्लर द्यु माल' हा कवितासंग्रह छापून येईपर्यंत फ्रेंच वृत्तांवरची त्याची हुकमत सिद्ध झाली होती. याच कवीने पुढे पन्नास गद्यकविता मागे ठेवल्या; त्यांचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १८६९ मध्ये निघाले.

प्रेयसीच्या केसांवर त्याने दोनदा लिहिले, एकदा पद्यात आणि एकदा गद्यात. पद्यात पाच-पाच ओळींची सात कडवी आहेत, गद्यात सात परिच्छेद. डांबर, कस्तुरी आणि खोबरेल यांचा मिसळलेला वास दोन्हीकडे येतो. पण गद्यात जहाजाची खोली दिसते, तिथल्या फुलांच्या कुंड्या आणि पाण्याच्या सुरया दिसतात, अफू-साखर मिसळलेल्या तंबाखूचा दर्प येतो. ओळीने तीन परिच्छेद एकाच धाटणीने सुरू होतात आणि त्या पुनरावृत्तीतून लय उभी राहते. पद्याचा शेवट एका प्रश्नात होतो. गद्यातला प्रियकर मात्र शेवटी ते केस चावू लागतो आणि आपण आठवणीच खात आहोत असे त्याला वाटते. यमक नाही, ओळ तोडण्याची सोय नाही. सगळा भार वाक्यावर, आणि वाक्य ढिले पडले तर ते झाकायला काहीच नाही. याला पळवाट कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप, हे परदेशी खूळ आहे.

पण आपल्याकडे दंडीने संस्कृत 'काव्यादर्शा'त काव्याचे गद्य, पद्य आणि मिश्र असे भेद केले आणि बाणभट्टाची 'कादंबरी' काव्य म्हणूनच वाचली गेली. अर्थात 'कादंबरी' ही दीर्घ कथा आहे. एका पानात आटोपणारी गद्यकविता हा निराळा, अर्वाचीन प्रकार. तो फ्रान्समध्ये घडला, हे मान्यच करावे. पण छंदाशिवाय काव्य नाही, हा दंडक आपल्या परंपरेच्या नावाने तरी सांगता येणार नाही. रवींद्रनाथांनीही 'लिपिका'त हा प्रकार बंगालीत समर्थपणे हाताळला.

मराठीत कवी अनिलांनी मुक्तछंद रुजवला, पण मुक्तछंदातही ओळ तुटते. गद्यकविता तेवढाही आधार घेत नाही. म्हणून संपादकांना विनंती आहे: परिच्छेदात आलेली कविता ललित लेखांच्या गठ्ठ्यात सरकवू नका, तिच्या ओळी पाडू नका. ती कवितांच्या पानावर, आली तशीच छापा.